विवाहाचा व्यय : कोणासाठी आणि किती?

मुंबईसारख्या नगरात मध्यम स्थितीतील गृहस्थाच्या घरी विवाह ठरला म्हणजे पहिल्या आठवड्यातच एक वही उघडली जाते. तिच्या पहिल्या पानावर मंगल कार्यालयाचे भाडे, ताटाचा दर, मंडप व फुले, वस्त्रे, दागिने, छायाचित्रे, पत्रिका अशी कलमे उतरतात. त्यांची बेरीज होते. ती पाहून घरातील सर्व मंडळी काही वेळ स्तब्ध बसतात आणि मग खोडाखोडीला आरंभ होतो. फुले कमी करू, पत्रिका साधी छापू, एक गोड पदार्थ गाळू, असे करता करता बेरीज थोडी खाली येते आणि चार दिवसांनी पुन्हा पूर्वस्थळी जाऊन बसते. ही वही केवळ व्यवहाराची म्हणून धर्माधर्माचा विचार करणारे लोक तिच्याकडे सहसा वळत नाहीत. ते योग्य नव्हे. मनुष्य कशाला कर्तव्य समजतो, कोणाची भीती बाळगतो आणि आपल्या इच्छेचा भार कोणाच्या खांद्यावर ठेवतो, हे त्याच्या व्याख्यानावरून कळणार नाही इतके या वहीवरून कळते.

विवाह सिद्ध होण्यास वस्तुतः काय लागते? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, ज्या विधीत सप्तपदी अंतर्भूत आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला तीस दिवसांची सूचना आणि तीन साक्षीदार पुरतात. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निर्णयात विवाह म्हणजे नाचगाणे व खाणेपिणे यांचा प्रसंग नव्हे, असे स्पष्ट बजावले. याहून मोठे प्रत्यंतर महामारीच्या काळात आले. २०२० मध्ये विवाहास पन्नासच माणसांची अनुज्ञा होती. २०२१ च्या एप्रिलात महाराष्ट्रात ती पंचवीसवर आली आणि सारा समारंभ दोन तासांत उरकावा असा निर्बंध पडला. त्या दिवसांत झालेले विवाह आज कोणी अपुरे मानीत नाही. तेव्हा अवश्य व्यय अगदी थोडा आहे, हे निर्विवाद आहे.

परंतु एवढ्यावरून बाकीचा सर्व व्यय निरर्थक ठरवणे हाही अविचार होय. दोन जीव एकत्र येतात त्याला समाजाची साक्ष असावी, ज्यांनी वधूवरांना कडेवर खेळवले त्यांच्या अक्षता त्यांच्या मस्तकावर पडाव्यात, दारी आलेल्याने जेवून जावे, या इच्छेत लोभ नाही की दंभ नाही. विवाह अल्पव्ययाने व्हावा म्हणून झालेले प्रयत्न महाराष्ट्रास नवे नाहीत. १८७३ साली महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय विवाह लावण्यास प्रारंभ केला, त्यातही दक्षिणेचा व आडंबराचा भार वगळला, पण जमलेल्या समाजासमोर वधूवरांनी प्रतिज्ञा घेण्याचा भाग वगळला नाही. साक्षीला किंमत आहे. प्रश्न एवढाच की साक्षीला किती माणसे लागतात आणि कोणती?

येथे नगराची विशेष अडचण लक्षात घेतली पाहिजे. खेड्यात अंगण घरचे असते, भांडी भावकीची, मांडवाला हात शेजाऱ्यांचे. नगरात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला अंगण नाही. म्हणून अंगण तासाच्या भाड्याने आणावे लागते. चातुर्मास आणि गुरुशुक्रांचे अस्त वगळता वर्षातील मुहूर्ताचे दिवस मोजके उरतात. त्यांतला रविवार साधावयाचा म्हणजे गिरगाव, दादर, पार्ले, ठाणे येथील कार्यालये कित्येक महिने आधीच गुंतलेली असतात. (मुहूर्ताचा आग्रह शास्त्राचा असेल, रविवारचा आग्रह मात्र कचेरीचा आहे, आणि त्याची किंमत शास्त्राच्या नावावर मांडण्याचे कारण नाही.) खेड्यात जे परस्परांच्या श्रमाने होई ते सर्व येथे विकत घ्यावे लागते, आणि विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा दर माणशी मोजला जातो.

म्हणूनच वहीतील बेरजेचे मूळ फुलांत नाही, संख्येत आहे. समजा, तीनशे माणसे योजिली आणि ताटाचा दर १,२०० रुपये ठरला. भोजनाचे ३,६०,००० रुपये झाले. फुलांतून वीस हजार वाचावेत म्हणून घरात तीन दिवस वाद होतो. आणि एका संध्याकाळी चहा घेता घेता पाहुण्यांच्या यादीत आणखी शंभर नावे येतात, तेव्हा १,२०,००० रुपये वाढले हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. शिवाय चारशेंना मोठे कार्यालय लागते, अधिक खुर्च्या, अधिक वाढपी, आणि पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेला वेगळा कर. ज्याला अंदाजपत्रक करावयाचे त्याने दर विचारण्यापूर्वी नावे लिहावीत.

आणि नावे लिहू लागले म्हणजे विचार व्यवहाराचा राहत नाही. आत्या आली नाही तर तिला दुःख होईल, आणि तिच्यावाचून आपल्यालाही. ज्या शेजाऱ्याने मध्यरात्री आपल्या वडिलांना रुग्णालयात पोहोचवले त्याला बोलावणे हे ऋण फेडणे आहे. येथवर लेखणी अडत नाही. ती अडते पुढे, जेथे आपण एखाद्याला त्याने यावे म्हणून बोलावीत नाही, त्याने पाहावे म्हणून बोलावतो. अमुक साहेबांनी आपले कार्यालय पाहावे, तमक्या नातलगाने पदार्थ मोजावेत! गीतेच्या सतराव्या अध्यायात यज्ञ, तप आणि दान यांचे तीन तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत फळाच्या आशेने व दंभासाठी केलेला यज्ञ राजस म्हटला आहे. विवाहात अग्नी प्रत्यक्ष समोर असतो, तेव्हा ही कसोटी येथे लावणे ओढूनताणून आणलेले नाही. अशा पाहुण्याच्या ताटाचा दर वहीत १,२०० लिहिला असला तरी त्याचा खरा दर ठरलेलाच नसतो; कारण आपले समाधान त्याच्या डोळ्यांत ठेवलेले असते, आणि त्याचे डोळे आपल्या समारंभाची तुलना कालच्या दुसऱ्या समारंभाशी करीत असतात. आत्या तृप्त होऊ शकते. हा पाहुणा तृप्त होऊ शकत नाही, आणि तो दोष त्याचा नव्हे.

कोणी म्हणेल, ‘ज्याच्या घरी आम्ही जेवलो त्याला न बोलावणे कृतघ्नपणा नव्हे काय?’ आक्षेप बळकट आहे. आपल्याकडे आहेराची वही ठेवण्याची चाल याच परस्परतेतून आली. कोणी काय दिले हे लिहून ठेवावे आणि त्याच्या घरच्या कार्यात ते परत करावे. एका घरावर एकाच वेळी पडणारा भार या चालीने पुष्कळ घरांत व पुष्कळ वर्षांत वाटला जाई. आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापण्याची रीत पडली आहे. ती सभ्यपणाची दिसते; परंतु तिने पाहुणा केवळ जेवणारा झाला आणि यजमान केवळ पैसे देणारा. आमच्या मते यथाशक्ती आहेर घेण्यात लाज नाही. आणि ज्याच्या घरी जेवलो त्याला एखाद्या सायंकाळी घरी बोलावून वधूवरांसमवेत जेवू घातले, तर ऋण अधिक आपुलकीने फिटते.

आता या वहीतील सर्वांत नाजूक पानाकडे वळू. पैसे कोणाचे? १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने मागणी निषिद्ध ठरवली, आणि १९८५ च्या नियमांनी वधूवरांस मिळालेल्या भेटींची यादी ठेवावयास सांगितले. पण ‘आमची माणसे दोनशे येतील’ असे वरपक्षाने सहज म्हटले आणि वधूपित्याने मान खाली घालून ते लिहून घेतले, तर त्या संख्येला कोणत्या यादीत घालावयाचे? नगरांतील पुष्कळ घरी आता खर्च निम्मा निम्मा वाटून घेतात. ही सुधारणा खरी. तथापि निम्मा वाटा न्याय्य असेलच असे नाही. वरील उदाहरणात एका पक्षाची दोनशे माणसे व दुसऱ्याची शंभर असली, तर भोजनाचे १,८०,००० रुपये प्रत्येकी, हे समान झाले. माणसांच्या प्रमाणात ते २,४०,००० आणि १,२०,००० व्हावयास हवे होते. साठ हजार रुपये एका घरातून दुसऱ्या घरात गेले, आणि कोणी काही मागितले असे कोणालाच वाटले नाही. संख्या ज्याने ठरवावी त्याने तिचा भार उचलावा, हा नियम व्याह्यांनी पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने बोलून घेतला पाहिजे. पूर्वी याद्या होत, म्हणजे कोणता खर्च कोणी करावयाचा हे उभय पक्षांसमोर लिहिले जाई. त्या चालीत अपमान पुष्कळ होते, पण अंधार नव्हता.

उरतो तो पैसा येतो कोठून हा प्रश्न. निवृत्तीस थोडी वर्षे उरलेला पिता भविष्यनिर्वाह निधीतून विवाहासाठी रक्कम काढतो. तशी सवलत आहे. कोणी कर्ज काढतो. पाच लाख रुपये शेकडा बारा व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ११,१२२ रुपये भरावे लागतात आणि अखेरीस मुद्दलावर १,६७,००० रुपयांहून अधिक व्याज जाते. नातवंड बालवाडीत जाऊ लागले तरी त्या दिवशीच्या फुलांचे हप्ते संपलेले नसतात. निधीतून काढलेल्या पैशाचे हप्ते नसतात हे खरे. तो पैसा पुढे, सत्तराव्या वर्षी, औषधाच्या वेळी आपली अनुपस्थिती कळवतो. आणि तो बहुधा आईच्याही वार्धक्याचा असतो, जिची संमती विचारली गेली नव्हती. आपल्या पैशाने प्रतिष्ठा विकत घेणे हा मोह आहे. दुसऱ्याच्या वार्धक्यातून ती घेणे हा अन्याय आहे. या दोहोंतील भेद मात्र वहीत दिसत नाही, कारण दोन्ही रकमा एकाच शाईने लिहिलेल्या असतात.

शासनाने मर्यादा घालावी काय? २०१७ साली जम्मू-काश्मीरच्या शासनाने मुलीच्या विवाहास पाचशे व मुलाच्या विवाहास चारशे पाहुणे अशी सीमा घातली होती. असा आदेश अन्नाची नासाडी कदाचित रोखील. परंतु ज्याची शक्ती शंभरांची आहे त्याला चारशेंची मर्यादा म्हणजे परवानाच वाटेल. आणि ज्याच्यापाशी विपुल आहे असा मनुष्य कर्मचाऱ्यांना, आश्रितांना वगळून साधेपणाच्या नावाखाली पंचवीस माणसांत कार्य उरकील, तर त्याला मितव्ययी म्हणावे की कृपण, हे कोणता आदेश सांगणार?

जाता जाता एका कलमाविषयी लिहितो, जे बहुतेक वह्यांत स्वतंत्रपणे आढळत नाही. कार्यालयात सकाळपासून जी मुले पाण्याचे पेले व पोळ्या घेऊन धावत असतात त्यांची मजुरी ताटाच्या दरात दडलेली असते. ती किती, हे यजमान विचारीत नाही. दर घासाघीस करून दीडशे रुपयांनी उतरवला म्हणजे तो कोणाकडून उतरतो, याची चौकशी दर ठरवतानाच करता येते. त्या मुलांची पंगत शेवटची असते, आणि पुष्कळदा तोपर्यंत श्रीखंड संपलेले असते. वीस-पंचवीस ताटे त्यांच्या नावाने आधीच लिहून ठेवली, तर तीनशेच्या विवाहात बेरीज फारशी हलत नाही.