पाचशे रुपयांची सुनावणी

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की वाहनमालकांच्या मोबाईलवर संदेश येऊ लागतात: तुमच्या गाडीवर चलन थकीत आहे, तडजोडीसाठी हजर राहा. मग त्या शनिवारी रत्नागिरीच्या न्यायालयाच्या आवारात नेहमीच्या पक्षकारांबरोबर हीही मंडळी दिसतात. टेबलामागे न्यायिक अधिकारी, वकील आणि सामाजिक कार्यकर्ता यांचं पॅनेल, शेजारी यादी घेऊन बसलेला वाहतूक शाखेचा पोलीस. गाडीचा नंबर सांगायचा, रक्कम भरायची, सही करायची, पावती घ्यायची. ज्याने हेल्मेट घातलं नव्हतं आणि ज्याला ते कबूल आहे, त्याला याहून सोपी वाट नाही. वकील लागत नाही, तारखा पडत नाहीत आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाही.

मला चिंता वाटते ती 'ही चूक मी केलीच नाही' असं म्हणणाऱ्याची.

समजा, एमएच ०८ नंबरची एक स्कूटर कुवारबावला घरासमोर उभी आहे आणि चलन आलंय पुण्यातल्या सिग्नलचं. फोटो मोठा करून पाहावा तर गाडी दुसऱ्याच रंगाची, नंबरातला ३ कुणीतरी ८ वाचलेला. मालक तो फोटो पॅनेलसमोर धरतो. पॅनेल शांतपणे ऐकून घेईल, पण दोषी कोण हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. लोकअदालतीचं काम समेट घडवण्याचं आहे, न्यायनिवाडा करण्याचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जलौर सिंग या खटल्यात स्पष्ट केलं आहे. दाखलपूर्व प्रकरणात समेट झाला नाही, तर पक्षकारांना न्यायालयात दाद मागण्याचा सल्ला द्यावा, असं कलम २० सांगतं. पण या माणसाने दाद मागायची कुठे? खटला भरायचा असतो पोलिसांनी, आणि त्यांनी तो भरलेलाच नाही. उद्या भरलाच तर चालणार पुण्यात, कारण कथित गुन्हा तिथला. एका पाचशेच्या चलनासाठी घाट चढून जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, वकील शोधायचा. साहजिकच तो पैसे भरून मोकळा होतो. कागदोपत्री प्रकरण निकाली निघतं, सुनावणी मात्र कुठेच झालेली नसते.

रक्कम लहान आहे, एवढ्यासाठी कशाला भांडायचं, असं म्हणणारे भेटतात. ते मला पटत नाही. डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात साध्या नियमभंगाला पहिल्या वेळी ५०० रुपये दंड आहे, पुढच्या वेळी १,५००. न केलेली चूक आज मान्य केली की उद्याची खरी चूक 'दुसरी' ठरू शकते. आणि मान्य न करता बसून राहावं, तर गाडी विकताना तीच थकीत नोंद आडवी येते.

दंड नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. हातखंब्याच्या उतारावर झालेले अपघात ज्यांनी पाहिलेत, त्यांना वेगावर आणि हेल्मेटवर सक्ती का हवी हे वेगळं सांगावं लागत नाही. पण सक्ती करणाऱ्यानेही आपल्या अंगावरची बंधनं पाळली पाहिजेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेला नियम १६७ए कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी काय म्हणतो पाहा. कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक रस्त्यावर ठळक दिसला पाहिजे. चलनाला स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलेलं हवं. नोटीस १५ दिवसांत पोचली पाहिजे. खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नका, असे आदेश २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांना आपल्याच माणसांना द्यावे लागले.

सर्वांत महत्त्वाची आहे ती मुदत. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं. तरीही दोन-तीन वर्षांपूर्वीची चलनं तडजोडीच्या यादीत असतात आणि त्यातलं मुदतीत कोणतं, मुदतीबाहेर कोणतं, हे समोरच्याला कुणी सांगत नाही. हे सांगणं पॅनेलचं कर्तव्य मानायला हवं. आपला हक्क ठाऊक नसलेल्या माणसाशी झालेल्या समेटाला मी समेट म्हणणार नाही.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कामाचा डोंगर आहे, त्यात चलनांची भर नको, हा आक्षेप खरा आहे. पण चूक मान्य असलेले बहुसंख्य लोक लोकअदालतीत किंवा ऑनलाइन पैसे भरतीलच. उरलेल्या थोड्यांसाठी संक्षिप्त खटल्याची पद्धत कायद्यात आधीपासून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे समन्स वकिलामार्फतही हाताळता येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला वाहतूक चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झालं. अशा न्यायालयात दंड भरण्याबरोबर आरोप नाकारण्याचाही पर्याय असतो, पण तो निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जातं आणि अंतराचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

इतर बाबतीत हे अंतर कमी होतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरीच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांच्या मूळ तालुक्यात, मंडणगडला, न्यायालयाची नवी इमारत उभी राहिली. नव्या संहितेचं कलम ५३० इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सुनावणीला मुभा देतं. तेव्हा पुण्याच्या चलनावरचा आक्षेप रत्नागिरीच्या न्यायालयात बसून, पडद्यावरून मांडता यावा. लोकअदालतीच्या टेबलावर 'मला मान्य नाही' असं नोंदवणारा छापील अर्ज मराठीत ठेवावा. तो भरला की पोलिसांनी मुदतीत पुराव्यासह खटला भरावा, आणि तसं झालं नाही तर त्या गाडीवरची नोंद मालकाला खेटे घालायला न लावता पोलिसांनीच काढून टाकावी.