दम आणि दम्मु

'दम' हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत असा मुरला की त्याचे परकेपण आता कुणाला आठवतही नाही. मूळ अर्थ श्वास. पण मराठीने त्याला श्वासाबरोबर धीराचेही काम लावले. धावून आलेल्याला 'दम लागला' म्हणायचे आणि धावायला निघालेल्याला 'दम धर' म्हणायचे. श्वास आणि सबुरी यांना एकच नाव. तेलुगूतही हा शब्द गेला, तिथे तो 'दम्मु' झाला. आपल्या आदिलाबादच्या बाजारात दोन पोरे हमरीतुमरीवर येऊन 'दम्मुंटे रा' म्हणतात, म्हणजे हिंमत असेल तर ये. हा अर्थ मराठीलाही ठाऊक आहे. पण 'दम धर' हे तेलुगू शेजाऱ्याला सांगायचे झाले तर 'ओपिक पट्टु' म्हणावे लागते, तिथे शब्दच बदलतो. आपल्या घरची मुले सकाळी आजीकडून एक दम ऐकतात आणि दुपारी मैदानावर दुसरा. मग शर्यतीच्या रेषेवर उभे राहिल्यावर त्यांनी कोणत्या दमाला मानावे?

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जैनथ, बेला, तलमडगूकडच्या रस्त्यांवर पहाटेच्या धुक्यात तरुण मुले-मुली धावताना दिसू लागतात. रस्त्यावर मैदानासारख्या फेऱ्या नसतात. किलोमीटरचा दगड आणि हातातला मोबाइल, एवढ्यावर हिशेब. तेलंगणाच्या २०२२ च्या भरतीत मुलांना १६०० मीटर अंतर ७ मिनिटे १५ सेकंदांत पार करायचे होते आणि मुलींना ८०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत. ८ डिसेंबर २०२२ पासून ज्या केंद्रांवर ही चाचणी झाली त्यांत आदिलाबादही होते, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत. सव्वासात मिनिटे म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, दर फेरीला सुमारे १०९ सेकंद. सराव केलेल्या धडधाकट मुलाला हे जड नाही. तरीही मुले बाद होतात, आणि ज्यांचा सराव असतो त्यांच्यापैकी बरीच पहिल्या फेरीत बाद झालेली असतात. कळते ते चौथ्या फेरीत, एवढेच.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. धाव सुरू होताच पायांची मागणी एकदम वाढते, पण फुप्फुसे आणि हृदय त्या मागणीला पुरे पडायला मिनिटभर तरी घेतात. तोवर स्नायू आपल्या कोठारातले वापरून वेळ भागवतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीनशे मीटरांत कितीही जोरात धावले तरी सोपेच वाटते. शरीर खोटे बोलते असे म्हणणे कठोर होईल. त्याला अजून हिशेब कळलेला नसतो. पण निर्णय तर तेव्हाच घ्यायचा असतो. शरीर खरे सांगू लागते तेव्हा निर्णयाची वेळ निघून गेलेली असते.

कापसाच्या मुलखातल्या वाचकाला हे जास्त समजावून सांगायला नको. मृगाच्या तोंडावर उचल घेताना हातात रोकड असते आणि आभाळ भरलेले असते. हिशेब होतो वेचणीनंतर, मार्केट यार्डात, वजनकाट्यासमोर. पहिल्या फेरीतला वेग हीसुद्धा उचलच. फरक एवढाच की उचल घेणारा आणि फेडणारा हे एकाच नावाचे असले तरी एकच माणूस नसतात. रेषेवर उभा असतो तो ताजा, गर्दीने फुललेला, कुणी पाहते आहे या जाणिवेने उंच झालेला मुलगा. शेवटच्या तीनशे मीटरांत असतो तो वेगळाच, घशाला कोरड पडलेला, मांड्या शिशाच्या झालेला. पहिल्याने दुसऱ्याला न विचारता त्याच्या नावावर कर्ज काढलेले असते. आजोबांच्या सहीचे कर्ज नातवाने फेडावे याला आपण अन्याय म्हणतो. मग सात मिनिटांच्या आत स्वतःवरच केलेल्या या अन्यायाला काय म्हणावे? मला वाटते, वेग बेताने ठेवणे ही केवळ युक्ती नव्हे. जो अजून आलेला नाही, ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने दिलेला तो शब्द आहे.

इथे कुणी ससा-कासवाची गोष्ट काढील. ती गोष्ट या बाबतीत निरुपयोगी आहे. कासवाने काही राखून ठेवले नव्हते, त्याच्यापाशी दुसरा वेगच नव्हता. ज्याला जोरात पळता येते आणि तरी जो पळत नाही, त्याच्याबद्दल ती गोष्ट काहीच सांगत नाही.

त्याच्याबद्दल सांगणारी खरी घटना इंग्लंडातली आहे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर हा वैद्यकाचा विद्यार्थी एक मैल ४ मिनिटांच्या आत धावला. वेळ ३ मिनिटे ५९.४ सेकंद. एक मैल म्हणजे १६०९ मीटर, आपल्या पोरांच्या भरतीच्या अंतराहून अवघे नऊ मीटर जास्त. त्या दिवशी त्याचे दोन मित्र त्याच्यापुढे वाट काढत धावले, आधी ख्रिस ब्रॅशर आणि मग ख्रिस चॅटवे. पहिल्या फेरीत बॅनिस्टरला वाटले की आपण फारच हळू चाललो आहोत. त्याने ब्रॅशरला मागून ओरडून सांगितले, अजून जोरात! ब्रॅशरने ऐकले नाही. तो आपल्या ठरलेल्या चालीने धावत राहिला. पहिली फेरी भरली ती ५७.५ सेकंदांत, म्हणजे मुळीच हळू नव्हती. बॅनिस्टरचा मेंदू तल्लख होता, त्याने शरीरशास्त्राचा अभ्यास केला होता, दम या विषयावर प्रयोगही केले होते. तरीसुद्धा पहिल्या फेरीत त्याच्या शरीराने त्याला फसवले. आणि त्याला वाचवले ते त्याचा हुकूम न मानणाऱ्या मित्राने.

मैत्रीचा हा प्रकार आपण फारसा वाखाणत नाही. मागेल ते देणारा मित्र आपल्याला हवा असतो. ब्रॅशरने मित्राच्या आजच्या इच्छेपेक्षा त्याच्या तीन मिनिटांनंतरच्या गरजेकडे पाहिले. विजयाचे नाव बॅनिस्टरचे झाले. वारा अंगावर घेणारे दोघे त्या दिवशी मागे पडले, पुढे ब्रॅशरने १९५६ मध्ये मेलबर्नला अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले ही गोष्ट वेगळी.

आता पैनगंगेकडे येऊ, कारण हा विषय आपल्या घरात शिरतो तो तिथे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. त्यामुळे आतेभाऊ तिकडे आणि मामेभाऊ इकडे अशी घरे या भागात कितीतरी आहेत. दोघेही भरतीची तयारी करतात. अंतर तेच, १६०० मीटर. पण नियम निराळे. तेलंगणाच्या त्या भरतीत सिव्हिल पोलिसांच्या जागांसाठी धाव ही पात्रतेपुरती होती. सव्वासात मिनिटांच्या आत आलात की पार, पुढची निवड लेखी परीक्षेवर. महाराष्ट्रात धावेलाच गुण आहेत. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आला त्याला २० पैकी २०, आणि पुढे दर काही सेकंदांनी गुण उतरत जातात. इकडे सव्वासात मिनिटांत आनंदाने उडी मारणारा मुलगा तिकडे गुणांच्या तळाशी असतो.

या दोन नियमांनी दोन वेगळ्या नीती तयार होतात, हे फारसे कुणी बोलत नाही. इकडचा चांगला धावणारा मुलगा पावणेसात मिनिटांच्या चालीने धावू शकत असला, तरी तो सात मिनिटांच्या चालीने धावून आपल्या गावच्या कच्च्या मित्राला सोबत देऊ शकतो. 'माझ्या मागे राहा, पुढे बघू नकोस' एवढे म्हणू शकतो. त्याचे काहीच जात नाही. त्याने राखलेला दम दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. तिकडे त्याच्या भावाने तसे केले तर मित्राला दिलेला प्रत्येक सेकंद त्याच्या गुणपत्रिकेतून वजा होईल, आणि तो मित्र यादीत त्याच्याच डोक्यावर जाऊन बसेल. मुलगा तोच, संस्कार तेच, आजीही बहुधा एकच. एका काठावर औदार्य फुकट आहे, दुसऱ्या काठावर ते महाग आहे. तेव्हा 'हल्लीची पोरे स्वार्थी झाली' असे म्हणण्याआधी ती कोणत्या नियमाखाली धावतात हे विचारणे बरे. जिथे माणसाला पुरे झाले असे कधी म्हणताच येत नाही, तिथे दुसऱ्यासाठी थांबणे संतांनाच जमेल. मला दोन्ही नियमांत खोट दिसते. इकडच्या नियमाने उत्तम धावणाऱ्याला काही मिळत नाही, हेही खरेच आहे.

पण इथवर आल्यावर दम्मुची बाजू ऐकून घ्यायला हवी. तेलुगूत म्हण आहे, 'निदानमे प्रधानम्'. निदान म्हणजे तिथे संथपणा, सावकाशपणा, सावकाशपणाच मुख्य. मराठी कानाला मात्र 'निदान' म्हणजे कमीत कमी असे ऐकू येते आणि गंमत वाटते, 'निदान पास तरी हो' असे कुणी बजावते आहे. त्याच तेलुगूत दुसरी म्हण आहे, 'आलस्यम् अमृतम् विषम्'. उशीर केलात तर अमृताचेही विष होते. दोन्ही म्हणी एकाच तोंडून ऐकू येतात आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

दुसऱ्या म्हणीचा दाखला आपल्या मराठी माणसाने दिला आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या जुलैत अमेरिकेत यूजीन येथे जागतिक स्पर्धेच्या ३००० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत उतरला. त्या दिवशी सगळेच दम धरून बसले, कुणी पुढे होईना. शर्यत रेंगाळली आणि शेवटी एकदम उसळली. त्या उसळीत साबळे अकरावा आला, वेळ ८ मिनिटे ३१.७५ सेकंद. तीनच आठवड्यांनी, ६ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शर्यत सुरुवातीपासून वेगात गेली आणि साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. माणूस तोच, तीन आठवड्यांत वीस सेकंदांचा फरक. राखून ठेवणे ज्याच्या स्वभावाला मानवते त्याच्या ते कामी येते. इतरांच्या सबुरीत अडकून पडलेला माणूस सबुरीने जिंकत नाही.

आपल्या सीमेवरच्या मराठी घरांना हे थोडे झोंबावे. पोराला मराठी शाळेत घालावे की तेलुगू, नोकरी हैदराबादेत पाहावी की नागपुरात, जमीन इकडे घ्यावी की नांदेडकडे, या बाबतीत आपण पिढ्यानपिढ्या 'जरा थांबू, पाहू' म्हणत आलो. दम धरता धरता काही घरांची शर्यत संपूनही गेली. हा दम धीराचा होता की भीतीचा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि एक गोष्ट राहिली, ती सर्वांत अवघड. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत मुलांना १० किलोमीटर एका तासात धावायचे होते. त्या चाचण्यांत दहाहून अधिक तरुण दगावले. अशा तरुणाला 'बेताने धाव' हा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? ज्याला पुढच्या रविवारी दुसरी शर्यत आहे त्याला आज राखून धावता येते. ज्याचे वय पुढच्या भरतीपर्यंत उलटणार आहे, ज्याच्या बहिणीचे लग्न त्या नोकरीवर ठरायचे आहे, त्याच्यापाशी राखायला उद्या नसतोच. त्याने शेवटच्या फेरीतल्या स्वतःला शब्द द्यावा अशी अपेक्षा आपण करतो, पण त्याला जगाने काय शब्द दिला आहे? दम धरणे हा गुण खरा, पण तो ज्याच्या घरी दुसऱ्या संधीची सोय आहे त्यालाच परवडतो. म्हणून धावणाऱ्याच्या विवेकाबद्दल बोलताना अंतर, वेळ आणि ऋतू ठरवणाऱ्यांच्या विवेकाबद्दलही बोलले पाहिजे. भर उन्हाळ्याच्या दुपारी आदिलाबादच्या डांबरी रस्त्यावर कुणी शर्यत ठेवली, तर तिथे बेताने धावा म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा होईल.

भरतीच्या मैदानाबाहेर नातेवाईक उभे असतात. ३१ ऑक्टोबरच्या एकता दौडीलाही रस्त्याच्या कडेला आयाबाया उभ्या असतात. शिट्टी झाली की एकच गलका होतो, 'पळ रे, पळ!' आणि 'उरुकु, उरुकु!' दोन्ही भाषांत. पहिल्या शंभर मीटरांत, जेव्हा मुलाला त्याची काडीइतकी गरज नसते तेव्हा. तिसऱ्या फेरीपर्यंत बघणारे गप्प झालेले असतात, कुणी चहाला गेलेले असते. बॅनिस्टरची त्या दिवशीची सर्वांत संथ फेरी तिसरीच होती, ६२.३ सेकंदांची.