‘हॅव’ आणि ‘आहे’

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाला आरंभींच जीं क्रियापदें भेटतात त्यांत ‘हॅव’ हें एक होय. दिसावयास अगदीं साधें. परंतु त्याला नेमका प्रतिशब्द मराठींत नाहीं. इंग्रज मनुष्य या एकाच क्रियापदाच्या बळावर भाऊ, घर, पैसा, ताप आणि संशय या सर्वांचा धनी होतो. आम्हांला मात्र दर वेळीं निराळी वाट धरावी लागते. मला भाऊ आहे, माझें घर आहे, माझ्यापाशीं पैसे आहेत, अंगांत ताप आहे, मनांत संशय आहे. इंग्रजी वाक्याचा कर्ता ‘मी’. मराठी वाक्याचा कर्ता ती वस्तु.

भाषाशास्त्रज्ञ ‘हॅव’चें मूळ ‘पकडणें’ या अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत नेतात. लॅटिनमधील ‘कापेरे’ हें त्याच कुळांतलें. तेव्हां इंग्रज तेवढा मूठ आवळणारा आणि आम्ही निःसंग, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणासही होईल. तो आम्हांस मान्य नाहीं. ‘मला पुस्तक आहे’ अशी रचना लॅटिनमध्येंही होती. म्हणून रोमन लोकांनीं परकीं राज्यें घेण्याचें सोडलें नाहीं. आणि हातभर बांधासाठीं पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारे भाऊबंद शुद्ध मराठींतच भांडत असतात. व्याकरणानें वैराग्य येत नाहीं.

व्याकरण फार तर भेद दाखवितें. ‘मला मुलगा आहे’ आणि ‘मुलगा माझ्यापाशीं आहे’ हीं वाक्यें एक नव्हेत. परदेशीं स्थायिक झालेल्या मुलाची वृद्ध आई पहिलें म्हणूं शकते, दुसरें नाहीं. तिचें सारें दुःख त्या दोहोंमधील अंतरांत आहे. उलट, जें आपल्यापाशीं आहे तें आपलें असतेंच असें नाहीं, हें दुसऱ्याची ठेव सांभाळणारा जाणतो.

परंतु इंग्रजीनेंही याच क्रियापदांत एक शहाणपण सांठविलें आहे. ‘लिहावयाचें पत्र माझ्यापाशीं आहे’ अशा धर्तीच्या रचनेंतूनच ‘हॅव टू’, म्हणजे ‘मला लिहिलेंच पाहिजे’, हा प्रयोग निघाला. मालकीचा शब्द कर्तव्याचा झाला. मराठी विचारते, ‘तें तुझें कोणत्या नात्यानें?’ इंग्रजी पुढें विचारते, ‘मग त्यापायीं तुला काय करणें प्राप्त आहे?’ हे दोन्ही प्रश्न ज्यानें स्वतःस विचारले, त्यानेंच ‘माझें’ हा शब्द उच्चारावा, असें आम्हांस वाटतें.