धोका नेमका कधी सुरू होतो?

नीतीचे प्रश्न आपण बहुधा निवांतपणे सोडवतो. गर्भाचे जीवित मोलाचे की मातेचे, यावर बैठकीत तासभर वाद घालता येतो. चहा झाला की मंडळी आपापल्या घरी जातात. परंतु हाच प्रश्न कायद्याच्या पुस्तकात शिरला की त्याचे उत्तर डॉक्टरला रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून द्यावे लागते. तिथे त्याचे रूपच पालटते, असे मला वाटते.

आपल्या बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार यांची हकीकत बहुतेक वाचकांना आठवत असेल. वय ३१, व्यवसाय दंतवैद्यकाचा, वास्तव्य आयर्लंडमधील गॉलवे शहरी. ऑक्टोबर २०१२ मध्ये, गर्भारपणाच्या सतराव्या आठवड्यात त्या रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ टिकणार नाही, हे डॉक्टरांनीच सांगितले होते. मग गर्भपात करून मोकळे करा, अशी विनंती सवितांनी केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून ती नाकारली गेली. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले.

१९८३ साली आयर्लंडच्या जनतेने मतदान करून राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली होती. मातेचा आणि न जन्मलेल्या जीवाचा जगण्याचा हक्क समान, असे तिचे सार. वाचायला किती न्याय्य! मातेच्या प्राणाला खरा धोका असेल तर गर्भपात करता येईल, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली सांगितलेही होते. पण प्रकृतीला धोका पुरेसा नव्हता, प्राणालाच हवा होता. या दोहोंमधली रेघ ज्वर चढत असताना कोणी ओढायची? चौकशी अहवालात संसर्गाकडे वेळेवर लक्ष न दिल्याचा ठपका आहे, तसाच ठोके थांबण्याची वाट पाहण्याला अवाजवी महत्त्व दिल्याचाही आहे.

गर्भाच्या जीवाला जपू पाहणाऱ्यांना मी निष्ठुर म्हणणार नाही. आपल्याकडे मुली गर्भातच खुडल्या जात होत्या, म्हणून १९९४ साली लिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. त्यांची भीती निराधार नाही. परंतु गॉलवेत निवड दोन जिवांतली नव्हती. एक जीव जाणार हे ठरलेले होते; दुसरा वाचवता आला असता. समानतेचे तत्त्व तिथे केवळ थांबायला शिकवीत होते, आणि रोग थांबत नाही.

आयर्लंडने पुढे विचार बदलला. २५ मे २०१८ रोजी सुमारे ६६ टक्के मतदारांनी आठवी दुरुस्ती रद्द केली. त्या वर्षाअखेर झालेल्या कायद्यात प्राणाबरोबर प्रकृतीला गंभीर इजा हेही कारण आले, आणि १२ आठवड्यांपर्यंत कारण न विचारता मुभा मिळाली. करदात्यांचा पैसा यासाठी नको, असा आक्षेप संसदेत निघाला. तो टिकला नाही. १ जानेवारी २०१९ पासून तेथील रहिवासी स्त्रियांना ही सेवा विनामूल्य आहे. मला हे कलम फार मोलाचे वाटते. तोवर गाठीला पैसा असणारी स्त्री इंग्लंडला जाऊन येई. नसणारी कुठे जाणार? हक्काला तिकीट लागत असेल तर तो हक्क कसला?

आपला कायदा १९७१ सालचा. दोन डॉक्टरांच्या मताने सतराव्या आठवड्यातला गर्भपात तेव्हापासून इथे कायदेशीर होता; म्हणजे सवितांना जे तिथे नाकारले गेले, ते माहेरच्या गावी मागता आले असते. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांवर गेली. पण म्हणून आपण पाठ थोपटून घ्यावी काय? खानापूरच्या रानातल्या वाडीवरून पावसाळ्यात निघालेली बाई दवाखाना गाठेपर्यंत किती वेळ जातो? तिथे तिचे दुखणे तिच्या भाषेत कोणी ऐकून घेते का? घरच्यांना विचारून ये, असे म्हणून तिला परत पाठवले जात नाही ना? प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते, हे तिला कोणी सांगितलेले असते का?

वाट पाहायला लावणारे कलम कायद्यातून काढता येते. वाट पाहायला लावणारी माणसे आणि रस्ते यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र आपल्याच अंगणातला आहे.