खऱ्या श्रद्धेसाठी कच्चा पुरावा?

ख्रिस्ती बांधवांशी धर्मचर्चा करताना आपले काही तरुण दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली अशी की, सम्राट कॉन्स्टन्टाइनने सन 325 मध्ये निकिया येथे धर्मसभा भरवली व तेथे मतदानाने बायबलमधील ग्रंथ निवडले गेले. दुसरी अशी की, 25 डिसेंबर हा रोमनांच्या सूर्यदेवाचा उत्सव होता, तोच उचलून नाताळ केला. सबब हा सारा धर्म म्हणजे रोमन मूर्तिपूजेची नक्कल. बोलणाऱ्याचा हेतू तौहीदचाच असतो. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे पुरावा पारखण्याची जबाबदारी संपते काय?

निकियाच्या सभेचे वीस नियम आज उपलब्ध आहेत. त्यांत ग्रंथांची यादी नाही. चार शुभवर्तमानांचा आग्रह तर आयरेनियस या धर्मगुरूने सुमारे दीडशे वर्षे आधीच धरला होता. सभेतील वाद वेगळाच होता: हजरत ईसा (अ.) यांचे स्थान काय? सूर्योत्सवाचे म्हणाल, तर त्या तारखेची स्पष्ट नोंद आणि ख्रिस्तजन्माची नोंद, दोन्ही सन 354 च्या एकाच संग्रहात आढळतात. कोणी कोणाचे घेतले, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

आणि घटकाभर मानू की तारीख घेतली. त्याने काय सिद्ध होते? सफा व मरवा या टेकड्यांवर अज्ञानकाळात मूर्ती होत्या. म्हणून तेथे सई करण्यास काही सहाबा कचरले, तेव्हा सूरह बकराच्या 158 व्या आयतीने त्यांचा संकोच दूर केला. एखाद्या स्थळी पूर्वी शिर्क झाला, एवढ्यावरून आजची उपासना शिर्क ठरत नाही. हज म्हणजे जुन्या मूर्तिपूजेचा अवशेष, असे म्हणणाऱ्याला आपण हेच उत्तर देतो ना? मग दुसऱ्याच्या धर्माला वेगळा काटा का लावावा?

चुका एकाच बाजूच्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. रोमनांनी ख्रिस्ती लोकांचा तीनशे वर्षे अखंड छळ केला, असे पुष्कळ ख्रिस्ती मानतात. वास्तविक तो बराचसा स्थानिक आणि अधूनमधून होणारा होता. साम्राज्यभराचे फर्मान प्रथम डेसियसने सन 249-50 च्या सुमारास काढले. हाच आपल्या तफसीरकारांचा दकियानूस. गुहावासीयांची कथा त्याच्याच काळातली मानली जाते. त्याच्या फर्मानाचा रोख केवळ ख्रिस्ती लोकांवर नव्हता. प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून दाखला घ्यावा, असा तो हुकूम होता. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरील दाखले सापडले आहेत. रोमन मूर्तिपूजक फार सहिष्णू होते, असे म्हणणाऱ्यांनी ते अवश्य पाहावेत. ज्याची श्रद्धा एकाच ईश्वरावर, त्याने तो दाखला कसा घ्यावा? रोमनांच्या लेखी मात्र तो नागरिकाचा साधा कर्तव्यभाव होता, आणि नकार म्हणजे राज्याशी द्रोह. 'पेगन' हे नावही त्या लोकांनी स्वतःला दिलेले नव्हे. ते ख्रिस्ती लोकांनी त्यांना चिकटवले.

एखाद्या समुदायाच्या वैरापायीही न्याय सोडू नका, अशी सूरह माइदाच्या आठव्या आयतीची आज्ञा आहे. आपण ती न्यायालयापुरती समजतो. पण दुसऱ्याच्या इतिहासाविषयी बोलणे हीसुद्धा एक साक्षच आहे. शिवाय त्रैक्याशी आपला मतभेद कुरआनच्या आधारावर उभा आहे. निकियाच्या दंतकथेची त्याला गरज नाही. जाणत्या श्रोत्याने ती दंतकथा खोडली, की आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टीवरही तो संशय घेईल, आणि त्याचा दोष आपल्याकडे येईल.

तेव्हा निकियाचा विषय निघालाच, तर एवढे सांगा: तेथे पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरले आणि ते न मानणाऱ्या आरियसला हद्दपार करण्यात आले. मात्र त्या आरियसला 'आपला माणूस' म्हणून मिरवू नका. पुत्र निर्मिलेला आहे, असे तो म्हणे खरा. पण त्याच पुत्राकरवी विश्व घडले, असेही त्याचे मत होते.