आधी एकांतात

होसूर-सर्जापूर रस्ता या नावातील आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या एचएसआर लेआउटमध्ये माझे बिऱ्हाड आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूतील अनेक कूपनलिका आटल्या, तेव्हा आमच्या इमारतीलाही टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. खर्चाच्या वाटणीवरून वरच्या मजल्यावरील एका गृहस्थांशी माझे बिनसले. ते एकटे, आम्ही चौघे. आकारणी माणशी व्हावी असे त्यांचे म्हणणे, घरटी व्हावी असे माझे. त्यांच्याशी एक शब्दही न बोलता मी सर्व रहिवाशांच्या नावे मुद्देसूद निवेदन धाडले. कारकुनी पेशातील टिपणीचा सराव कामी आला. सर्वांनी ते वाचले आणि त्या गृहस्थांनी जिन्यात माझ्याकडे पाहणे सोडले.

पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठरावा अध्याय वाचनात आला. बंधूने अपराध केल्यास काय करावे, याचा तेथे क्रमच घालून दिला आहे. प्रथम त्याला एकांतात गाठावे. न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीस कळवावे. मी शेवटच्या पायरीपासून आरंभ केला होता! एकांतातील कबुलीने कमीपणा येत नाही. चारचौघांत तीच कबुली पराभव ठरते आणि मनुष्य सत्य सोडून अब्रू सांभाळू लागतो. दुर्बळाला एकट्याने बलवंतापुढे जाणे कठीण, हे खरे. साक्षीदार आणि मंडळी यांच्या पायऱ्या म्हणूनच ठेवल्या असाव्यात.

अशाने मतभेद दडपला जाईल, अशी शंका कोणी घेईल. तिला आपल्याच भाषेत उत्तर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई स्वधर्मातच राहिल्या आणि काही वर्षे दोघांचे संसार वेगळे झाले. कोणीही आपले मत लपविले नाही. जातिभेद हा माणसानेच निर्मिला, असे स्वतःच्या विचाराने पटल्यावर १९०० साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या. या ताटातुटीची कहाणी सांगताना ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीला कोठेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही. मत ठाम असावे आणि माणूसही तुटू नये, हे साधते. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो.

एका रविवारी मी जिना चढून गेलो. निवेदनाबद्दल क्षमा मागितली. बोलण्याच्या ओघात कळले की, पहिल्या दोन टँकरांचे पैसे त्या गृहस्थांनी स्वतःच्या खिशातून भरले होते आणि ते कोणाकडे मागितलेही नव्हते. आधी विचारले असते, तर निवेदनातील निम्मा मजकूर मला लिहिता आला नसता.

वाटणीच्या तत्त्वावर आमचे आजही एकमत नाही. पण आता तो वाद आम्ही त्यांच्या घरी, चहाच्या वेळी घालतो.