बापाचे पाप, मुलाचा वारसा

वाल्या कोळ्याच्या बायकामुलांनी त्याच्या पापात वाटा घ्यायला नकार दिला. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना आपला राग त्यांच्यावरच जातो. मला मात्र त्यांचे उत्तर निम्मे बरोबर वाटते. वाटसरूंना वाल्याने मारले, तेव्हा दोष त्याचाच. पण लुटीचे धान्य ज्यांनी खाल्ले, त्यांचे काहीच देणे लागत नाही का?

मी दिवाणी वकील; वडिलोपार्जित मिळकतीच्या दाव्यांत आयुष्य गेले. आपल्या धर्मशास्त्राने बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे कर्तव्य मानले, पण जुगारापायी किंवा व्यसनापायी केलेले कर्ज त्यातून वगळले. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तर बापाच्या नव्या कर्जासाठी केवळ या कर्तव्याच्या आधारे मुलावर दावाही चालत नाही. पैशाचा निवाडा झाला, पापाचा उरला. त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मला पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड फॉन वाइत्सेकर यांच्याकडे सापडले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा भाऊ हाइनरिख पोलंडमध्ये मारला गेला. दोघे एकाच रेजिमेंटमध्ये होते. एकोणीस वर्षांच्या रिचर्डने त्याला मूठमाती दिली. वडील अर्न्स्ट हिटलरच्या परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ सचिव. फ्रान्समधल्या ज्यूंना आउश्वित्झला पाठवायला त्या खात्याने हरकत घेतली नाही. न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने १९४९ मध्ये अर्न्स्टना सात वर्षांची शिक्षा दिली. ती पुढे कमी झाली. कायदा शिकणारा रिचर्ड त्या खटल्यात वडिलांच्या बचावासाठी राबत होता, आणि तो निकाल अन्यायाचा होता हे त्याचे मत पुढेही बदलले नाही.

हाच मुलगा राष्ट्राध्यक्ष म्हणून ८ मे १९८५ रोजी, शरणागतीच्या चाळिसाव्या वर्षी, बॉनच्या संसदेत उभा राहिला. तो दिवस जर्मनांसाठीही मुक्तीचा होता, असे त्यांनी सांगितले. ज्यू, पोलिश, सोव्हिएत नागरिक, सिंती आणि रोमा, समलैंगिक, मनोरुग्ण अशा सर्व बळींचे त्यांनी स्मरण केले. अख्खे राष्ट्र दोषी किंवा अख्खे राष्ट्र निर्दोष असे काही नसते. दोष ज्याचा त्याचा. तेव्हा जी मुले जन्मलीही नव्हती त्यांनी कबुली देण्यासारखे काही नाही. पण वारसा त्यांचाही आहे, आणि तो दोषी-निर्दोष, म्हातारे-तरुण सर्वांनी स्वीकारायचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी ते इस्रायलला गेले. तिथे जाणारे ते पहिले जर्मन राष्ट्राध्यक्ष.

वडिलांविषयी त्यांना असा स्वच्छ निवाडा करता आला नाही. मी त्यांना त्याबद्दल कमी लेखत नाही. बापावर माया असतानाही त्या राजवटीचे पाप भर सभेत नावानिशी मांडता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आमच्या वाड्यातल्या विहिरीवर आजोबांच्या काळात महारवाड्यातल्या बायकांना पाणी शेंदू देत नसत. ओंजळीत वरून पाणी घालत. तो दोष माझा नाही. पण ती विहीर, ती जमीन, त्यावर झालेले माझे शिक्षण माझ्या वाट्याला आले. मग ती हकिकतही माझ्याच वाट्याची. सातबारा आपल्या नावावर करून घेताना आपण कचरत नाही. त्या जमिनीवर कोणाला पाणी नाकारले गेले, हेही मुलांना सांगा. नावे ठाऊक असतील तर नावांसकट सांगा.